पंचावन्नाव्या वर्षी धुळाक्षरे

आमच्या शाळेच्या कार्यालयाला लागून असलेल्या खोलीत सहा संगणक दोन वर्षे कापडाखाली झाकून ठेवलेले होते. एका दानशूर गृहस्थांनी ते शाळेला दिले, त्या दिवशी हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खोलीला कुलूप घातले. संगणक होते, ते शिकवणारा नव्हता. बेळगाव तालुक्यातील एका खेड्यातली आमची शाळा सरकारी आणि मराठी माध्यमाची. तेथे मुख्याध्यापकालाच कधी भूगोलाचा तास घ्यावा लागतो, तर कधी घंटाही द्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात छपराला गळती लागली म्हणून आम्ही ती खोली उघडवली. संगणक हलवायला आठवीची मुले आली होती. त्यांतील एका मुलीने विचारले, “सर, हे कुणाचे आहेत?”

“शाळेचे,” आम्ही म्हणालो.

“म्हणजे आमचेच की. मग झाकून का ठेवलेत?”

तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांच्या पुष्कळ प्रश्नांना आम्ही उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना आज्ञावली लिहिण्याची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे, आणि त्यावर एका शिबिरात आम्ही भाषणही ठोकले होते! त्या रात्री आम्ही ठरविले, की शिकवणारा मिळत नसेल तर आपणच शिकावे. आमचे वय पंचावन्न, पदवी मराठीची एम. ए.; व्याकरणात तर आमचे केस पांढरे झालेले. एका यंत्राची भाषा ती काय, आणि तिचे व्याकरण ते केवढे! या भ्रमाचे पुढे काय झाले ते वाचकांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला धडा, पहिली ठेच

आमची पुतणी बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. तिने ‘पायथन’ ही भाषा सुचविली. पायथन म्हणजे अजगर, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती दचकल्या. परंतु या नावाचा अजगराशी संबंध नाही. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम या संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ साली ती जगासमोर ठेवली. ‘माँटी पायथन’ या इंग्रजी विनोदी दूरदर्शन कार्यक्रमाचा त्याला शौक होता, म्हणून हे नाव. विनोदावरून नाव पडलेली भाषा आपल्याला फार रडविणार नाही, असा आम्ही तर्क केला. तो पहिल्याच संध्याकाळी खोटा ठरला.

पहिला धडा असा, की यंत्राकडून पडद्यावर ‘नमस्कार’ हा शब्द लिहून घ्यावयाचा. त्यासाठी ‘प्रिंट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी, पुढे कंस करावा, आणि कंसात अवतरणचिन्हांमध्ये शब्द ठेवावा. इंग्रजी वाक्याचा आरंभ मोठ्या लिपीतील अक्षराने करावा, हे आम्ही चौथीपासून शिकलेलो आणि पुढे हजारो मुलांना शिकविलेले. त्यानुसार आम्ही ‘प्रिंट’चे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले. यंत्राने उत्तर दिले, की या नावाची वस्तू मला ठाऊक नाही. आपल्याला लहान लिपीतील ‘प्रिंट’ तर म्हणावयाचे नाही ना?

आम्ही संतापलो. काय म्हणावयाचे आहे ते याला कळले. मग करून का टाकत नाही? पुतणी हसली आणि म्हणाली, “काका, त्यानं अंदाजानं करायला सुरुवात केली, तर उद्या तुमच्या पगारपत्रकातसुद्धा अंदाजानंच करंल की!” हा युक्तिवाद बिनतोड होता. तरी राग गेला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही नव्या उमेदीने बसलो. शाळेची परिपत्रके आम्ही ज्यावर टंकलिखित करतो, त्याच पत्रलेखनाच्या सोयीत आज्ञा नीटनेटक्या लिहून काढल्या आणि तेथून उचलून यंत्राला दिल्या. यंत्र म्हणाले, अमान्य चिन्ह. आम्ही अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले. सगळे बरोबर! दोन संध्याकाळी याच्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी पुतणीने दाखविले, की पत्रलेखनाच्या त्या सोयीने आमची सरळ अवतरणचिन्हे आपण होऊन वाकडी, म्हणजे छापील पुस्तकातल्यासारखी सुबक केली होती. पायथनला सरळच हवीत. डोळ्यांना जवळजवळ सारखीच दिसणारी दोन चिन्हे यंत्राच्या लेखी सर्वस्वी भिन्न असतात.

पुढचा आठवडा एका पुस्तकाने खाल्ला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आम्ही पायथनचे एक जाडजूड पुस्तक स्वस्तात आणले होते. त्यातील पहिल्या पानावरचे पहिलेच उदाहरण चालेना. पुस्तकात ‘प्रिंट’पुढे कंस नव्हता, यंत्र कंस मागत होते. छापील शब्दावर आमची श्रद्धा मोठी, त्यामुळे पुस्तक चुकीचे असेल ही शंकाही आम्हांला शिवली नाही. आपलाच संगणक बिघडला असे आम्ही धरून चाललो. वस्तुस्थिती अशी, की पुस्तकही बरोबर होते आणि संगणकही. २००८ च्या अखेरीस पायथनची तिसरी आवृत्ती निघाली. तीत ‘प्रिंट’ला कंस आवश्यक झाला आणि दुसऱ्या आवृत्तीतील कित्येक गोष्टी बदलल्या. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. आमचे पुस्तक त्या दुसऱ्या आवृत्तीचे. भाषा बदलते हे आम्ही वर्गात यादवकालीन मराठीची उदाहरणे देऊन शिकवितो. पण आपल्या डोळ्यांदेखत, इतक्या थोड्या वर्षांत, एक भाषा जुनी होऊन बसते याची आम्हांला कल्पना नव्हती. नव्याने शिकू पाहणाऱ्या वाचकांनी आमच्या अनुभवावरून एवढे तरी करावे: पुस्तक कोणत्या आवृत्तीचे आहे ते घेण्यापूर्वी पाहावे.

पंचेचाळीस आणि चाळीस

असे धडपडत तीन आठवडे गेले. मग आम्ही ठरविले, की आपल्या कामाचे काहीतरी लिहावे. विद्यार्थ्याचे दोन विषयांचे गुण विचारावेत आणि यंत्राने त्यांची बेरीज सांगावी, इतकी साधी आज्ञावली. ती लिहिली. यंत्राने एकही चूक दाखविली नाही. आम्ही मराठीचे ४५ आणि गणिताचे ४० गुण भरले, कळ दाबली. उत्तर आले: ४५४०.

आम्ही पुन्हा भरले. पुन्हा ४५४०. दहा वेळा भरले असतील.

यंत्राला आपण कळफलकावरून जे देतो ते सारे प्रथम ‘अक्षरे’ म्हणूनच त्याच्या हाती पडते. ती संख्या आहे असे ते मानीत नाही. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणी. ‘राम’ आणि ‘राव’ मिळून जसा ‘रामराव’ होतो, तसे ‘४५’ आणि ‘४०’ मिळून ‘४५४०’ झाले. याला पूर्णांक समज, असे यंत्राला आधी सांगावे लागते. त्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. पुतणीने ती दोन ठिकाणी घातली आणि पडद्यावर ८५ उमटले. ती सहज बोलून गेली, “एवढं सोपं हाय की ओ काका!”

तिच्या मनात काही नव्हते. पण ते वाक्य आम्हांला झोंबले. आम्ही संगणक बंद केला आणि आठ दिवस त्याकडे फिरकलो नाही. कामाचे निमित्त सांगितले. खरे कारण असे होते, की आपल्याला हे जमणार नाही, आपल्या डोक्याची ती धाटणीच नव्हे, अशी आमची खात्री होऊ लागली होती. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, तेच वाक्य आम्ही स्वतः आयुष्यभर वापरीत आलो आहोत. ‘एवढे सोपे कसे रे समजत नाही?’ फळ्यासमोर उभे राहून आम्ही ते किती मुलांना म्हटले असेल, याचा हिशेब आमच्यापाशी नाही. ज्याला सोपे वाटते त्याच्या दृष्टीने ते धीर देणारे वाक्य असते. ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की गोष्ट सोपी आहे; तेव्हा उणे आहे ते आपल्यात.

लाल शाई

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा बसलो खरे, पण एक नवी खोड घेऊन. पुस्तकातल्या ज्या चार-पाच ओळी नक्की चालतात हे ठाऊक झाले होते, त्याच आम्ही उलटसुलट लिहू लागलो. कधी नाव बदलावे, कधी आकडा बदलावा. चुका थांबल्या. मनाला बरे वाटले. असे चार-पाच दिवस गेल्यावर एके रात्री आम्हांला एकाएकी एक वही आठवली.

वीसएक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. घरी कोकणी, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांतून वाट काढीत आलेला. निबंध लांबलचक लिही आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचा पाऊस पाडी. आम्ही प्रत्येक चुकीला लाल शाईने गोल करीत असू; त्याचे पान गोवर आल्यासारखे दिसे. दिवाळीनंतर त्याच्या चुका कमी झाल्या. पुढे पुढे अगदी दोन-तीनच. आम्ही प्रसन्न होऊन शेरा दिला, ‘प्रगती समाधानकारक’.

त्याचे निबंध आता पाच-सहा ओळींचे झाले होते, हे आम्ही पाहिले होते. पण त्याचा अर्थ लावला नव्हता. ज्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ त्याला नक्की येत होते, तेवढेच शब्द तो वापरी. ‘विहीर’ लिहिताना चुकेल म्हणून त्याच्या गावात विहीर नव्हती. ‘आजी’ येत असे म्हणून आजी होती. चुकू नये म्हणून त्या मुलाने आपले सारे जग पाच ओळींत आवळून घेतले होते, आणि त्याला आम्ही प्रगती म्हटले. आता पंचावन्नाव्या वर्षी, पाच सुरक्षित ओळींशी खेळत बसलेलो आम्ही, नेमके तेच करीत होतो. तो मुलगा दहावीनंतर शाळेबाहेर पडला. त्याची क्षमा मागावयाची तर आज तो कोठे आहे, हेही आम्हांला माहीत नाही.

चूक वाचण्याची विद्या

त्या रात्रीपासून आम्ही पद्धत बदलली. चूक टाळण्याऐवजी ती वाचावयास शिकावे असे ठरविले. पायथनमध्ये काही बिघडले, की पडद्यावर इंग्रजीत पाच-दहा ओळी येतात. नवशिक्या घाबरतो आणि न वाचताच मागे हटतो. आम्हीही तेच करीत होतो. त्यात मर्म एवढेच, की वाचन तळाकडून सुरू करावे. अगदी शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, आणि तिच्या वर ती कितव्या ओळीत घडली ते लिहिलेले असते. आम्ही एक वही घातली आणि तीत प्रत्येक प्रकाराला मराठी नाव दिले: ‘वाक्यरचना चुकली’, ‘नाव ठाऊक नाही’, ‘जात जुळत नाही’, ‘समास चुकला’. शेवटचे नाव व्याकरणातल्या समासाचे नव्हे. पायथनमध्ये कोणती आज्ञा कोणाच्या पोटात आहे हे डावीकडे सोडलेल्या कोऱ्या जागेवरून ठरते, आणि वहीच्या कडेला सोडलेल्या जागेलाही आपण समासच म्हणतो. शुद्धलेखनाच्या वहीत समास सोडा म्हणून मुलांच्या मागे लागणारे आम्ही, समास चुकल्याबद्दल यंत्राच्या किती बोलण्या खाल्ल्या ते विचारू नका!

आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या अवाढव्य गणकयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला, आणि तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शब्द त्याहूनही जुना. एडिसन एकोणिसाव्या शतकात तो वापरीत असे. आम्हांला त्या नोंदवहीचे कौतुक वाटते. दोष सापडला, तर तो तारीख घालून वहीत चिकटवून ठेवला. लपविला नाही.

येथे व्याकरणाच्या एका जुन्या आचार्यांची आठवण होते. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली, आणि त्या सूत्रांत एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी अर्थ बदलतो. संगणकाच्या भाषांचे व्याकरण मांडण्याची ‘बॅकस’ यांच्या नावाची एक पद्धत आहे. पाणिनीची रीत तिच्याशी जुळते म्हणून तिला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावे, अशी सूचना इंगरमन या अभ्यासकाने १९६७ साली केली होती. एवढ्यावरून संगणक संस्कृतातून चालतो असे कोणी समजू नये. तसे काही नाही. पण ज्याने सूत्रांतील काटेकोरपणाची गोडी चाखली आहे, त्याने यंत्राच्या काटेकोरपणावर रागावू नये, एवढे आम्ही स्वतःला बजावले.

औटकी

आमचे पहिले खरे यश पाढ्यांचे. सातचा पाढा लिहून घेतला तर तो सात नव्वे त्रेसष्टपाशीच थांबला. सात दाहे सत्तर गायब! कारण एकपासून दहापर्यंत मोज म्हटले, की पायथन दहाच्या अलीकडे थांबते. दहा हवे तर अकरा सांगावे लागते. हे वहीत लिहिले आणि पाढा पुरा झाला. मग हुरूप येऊन आम्ही पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी लिहिल्या आणि औटकीवर आलो. तरुण वाचकांसाठी सांगतो: औट म्हणजे साडेतीन, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

आमचे तीर्थरूप चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आम्ही पडद्यासमोर खुर्ची दिली. पडद्यावर साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असे आकडे उतरू लागले, आणि तीर्थरूप डोळे मिटून, पडद्याकडे न पाहता, आमच्या आधी म्हणत गेले. दहाला पस्तीस झाल्यावर डोळे उघडून म्हणाले, “बरोबर आहे तुझ्या यंत्राचं.” इतके मोठे प्रशस्तिपत्र आम्हांला एम. ए. च्या वेळीही मिळाले नव्हते.

यातून एक गंमत कळली. यंत्राला एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज विचारली, तर ते तीन दशांश म्हणत नाही; तीन दशांशाच्या पुढे पंधरा शून्ये देऊन शेवटी चार चिकटविते. कारण ते आकडे दोनाच्या पटीत साठविते, आणि त्या रीतीने एक दशांश नेमका लिहिता येत नाही. जसा दशमान पद्धतीत एक तृतीयांश नेमका लिहिता येत नाही, तसाच. पण अर्धा, पाव, पाऊण, साडेतीन हे सारे दोनानेच भागून येणारे अपूर्णांक. ते त्याला तंतोतंत साधतात. आमच्या आज्या-पणज्यांच्या पावकी-निमकीत यंत्राची कधी चूक होत नाही!

ळ चे गाऱ्हाणे

मग आम्ही आपल्या भाषेकडे वळलो. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तूंना मराठी नावे देता येतात. ‘गुण’, ‘बेरीज’, ‘विद्यार्थी’ हे शब्द देवनागरीत लिहिले तरी चालते. भरून दिलेले देवनागरी आकडेही पूर्णांक करून घेता येतात. मात्र आज्ञावलीच्या मजकुरात थेट संख्या म्हणून ते लिहिले तर यंत्र अमान्य चिन्ह म्हणते. आम्ही विचारले, ‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरे किती? आमचा पहिलीतला मुलगा बोटे मोडून तीन सांगेल: वि, द्या, र्थी. यंत्राने दहा सांगितली. क्षणभर आम्ही चिडलो. मग कागदावर शब्द फोडून पाहिला. व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, दुसरी वेलांटी. दहाच! यंत्र अक्षर मोजत नव्हते, घटक मोजत होते. संधी आणि जोडाक्षरे फोडून दाखविण्यात आमची हयात गेली, आणि तीच गोष्ट यंत्राने आम्हांला शिकविली.

हजेरीपटाची नावे लावताना वेगळाच पेच पडला. यंत्राने क्रम लावला: काळे, कावळे, काशीद. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. तेव्हा कावळे, काशीद आणि मग काळे हा क्रम हवा. पण संगणकाच्या यूनिकोड या संकेतावलीत ळ ला ल च्या शेजारी बसविले आहे. सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसाव्यात म्हणून १९८० च्या दशकात जी मांडणी ठरली, ती पुढे यूनिकोडने उचलली. त्याचा हा परिणाम. आम्ही ही तक्रार शाळेतील कन्नड विषयाच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, “सर, आमच्या वर्णमालेतही ळ शेवटीच आहे, ह च्या पुढे.” त्यांनी कन्नड नावे घालून पाहिली; तोच घोटाळा. मग आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून, आपापल्या वर्णमालेची ओळ यंत्राला लिहून दिली आणि तिच्याप्रमाणे क्रम लाव असे सांगितले. पहिल्या खेपेस ओळीत काना-वेलांट्या घालायला विसरलो, तर यंत्र म्हणाले सापडत नाही. त्या घातल्यावर काळे आपल्या जागी गेले. एका ळ साठी मराठीचे आणि कन्नडचे शिक्षक एका बाकावर बसले, हे आमच्या गावाला शोभेसेच झाले.

वर्ग

जानेवारीत आम्ही आठवीचा वर्ग सुरू केला. सहा संगणक, चोवीस मुले. एका यंत्रापाशी चौघे. पहिल्या तासाला आम्ही शपथपूर्वक एक नियम सांगितला: या खोलीत ‘सोपे आहे’ हे शब्द कोणी उच्चारावयाचे नाहीत, आम्हीसुद्धा नाही. आणि पहिला अभ्यास असा दिला, की प्रत्येक गटाने मुद्दाम पाच निरनिराळ्या चुका करून दाखवाव्यात आणि यंत्र काय म्हणाले ते वहीत उतरावे. मुलांनी पाच सांगितल्या तेथे अकरा केल्या. जे मूल चुकीला भीत नाही, ते तिचा प्रकार किती लवकर ओळखू लागते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

या वर्गाचा परिणाम आमच्या मराठीच्या तासावर झाला. यंत्र ओळ दाखविते, प्रकार सांगते आणि थांबते. दुरुस्ती ज्याची त्याने करावयाची. आता आम्हीही निबंधावर गोल काढीत नाही. समासात एवढेच लिहितो: ‘तिसरी ओळ, दीर्घ’. शब्द मुलाने शोधावा. आणि यंत्राला जे जमत नाही ते आधी करतो: निबंधात जे चांगले आहे ते प्रथम सांगतो. परवा एका मुलाने आपल्या शेळीवर दीड पान लिहिले. चुका सतरा. आम्ही तो निबंध दोनदा वाचला, कारण ती शेळी कशी हट्टी आहे ते त्याने फार झकास सांगितले होते.

काही स्नेही विचारतात, आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागताक्षणी आज्ञावली लिहून देतात. मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर पंचेचाळीस आणि चाळीसचे आहे. ४५४० हे उत्तर देताना यंत्राने चूक दाखविली नव्हती. व्याकरण शुद्ध होते, अर्थ तेवढा गेला होता. पंचेचाळीस आणि चाळीस मिळून साडेचार हजार होत नाहीत, हे ज्याला कळते तोच माणूस थांबून पुन्हा पाहील. ती नजर स्वतः चार वेळा फसल्यावाचून येत नाही.

आमच्या वयाच्या वाचकांना आम्ही हातचे राखून काही सांगत नाही. ही विद्या आमच्या गतीला जड आहे, आणि अजून आम्ही बालवर्गातच आहोत. तरी नातवंडे जे शिकतात ते काय आहे हे जाणावयाचे असेल, तर रोज अर्धा तास बसावे. एका वेळी एकच ओळ बदलावी. आपल्या कामाचे काही लिहावे, मग तो किराणा हिशेब असो वा भिशीची यादी. आणि चुकांची वही ठेवावी. अडल्यावर घरातल्या लहानांना विचारण्यात कमीपणा मानू नये. त्यांनी ‘सोपे आहे’ म्हटले, तर प्रेमाने त्यांना आमचा नियम सांगावा.

पूर्वी मुलाला पाटीच्याही आधी धूळपाटी देत. तिच्यावर बोटाने अक्षर गिरवावे. चुकले तर तळहाताने धूळ सारखी करावी आणि पुन्हा गिरवावे. चुकीची खूण मागे राहत नसे, आणि लाल शाई तर नव्हतीच. आमच्या पडद्याचेही तसेच आहे. ज्या कापडाखाली ते सहा संगणक दोन वर्षे झाकलेले होते, त्याचे तुकडे करून मुलांनी आता फळा पुसायला घेतले आहेत.